अंगचोर

लाँड्रीत तिला सगळे क्रेन म्हणत. नाव मुकादमाने दिलेलं आणि त्यात चेष्टेपेक्षा समाधान जास्त होतं. हॉस्पिटलच्या चादरी धुऊन निघाल्या की ओल्या गठ्ठ्याचं वजन विचारू नये. तो उचलून ड्रायरच्या तोंडात घालायला दोन माणसं लागतात. क्रेन एकटी घालायची, आणि वर मागे वळून विचारायची, "अजून आहे का?" असं माणूस हाताखाली असलं की मुकादमालाही कौतुकाने नाव ठेवावंसं वाटतं. एरवी तो नुसती नावं ठेवायचा.

तिचं लग्नही या गठ्ठ्यांनीच जमवलं. घड्या घालायच्या टेबलावर एक मुलगी होती, तोंडाने फटकळ, मनाने बरी. तिने क्रेनला गठ्ठा उचलताना पाहिलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं, "दादासाठी मुलगी पाहिलीय. कपाट हलवायला आता शेजाऱ्यांच्या पाया पडायला नको." आईने एकदा कपाटाकडे पाहिलं आणि होकार दिला. दादा गॅरेजमध्ये मेकॅनिक. त्याला विचारलं तेव्हा तो एका गाडीखाली होता, तो तिथूनच हो म्हणाला.

अशी ती टेबलावरची मुलगी क्रेनची धाकटी नणंद झाली. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात, पण या दोघींचं गूळपीठ होतं. सकाळी एका घरातून निघायच्या, दिवसभर एकाच चादरीची दोन टोकं धरून समोरासमोर उभ्या राहायच्या, आणि टोकाला टोक जुळवताना सगळ्या लाँड्रीची उणीदुणी काढायच्या.

पहिली मुलगी झाली तेव्हा काही बिघडलं नाही. दुसरा मुलगा झाला तो आडदांड. बाहेर यायला त्याने इतका वेळ घेतला की नर्सबाईंची पाळी बदलली. क्रेन पुन्हा कामावर आली आणि पहिल्याच आठवड्यात गठ्ठा उचलताना तिला खाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. बाथरूममध्ये जाऊन तिने हात लावून पाहिला. लिंबाएवढं, मऊ, ओलसर काहीतरी तिथं आलं होतं, आणि ते तिथं असायला नको, एवढं तिलाही कळत होतं.

याला बायका अंग बाहेर येणं म्हणतात. म्हणतात तेही कानात, आणि नेहमी दुसरीविषयी.

सकाळी ते आत असायचं. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत कुणीतरी आतून खाली ओढतंय असं व्हायचं. शिंक आली तर आधी पाय जुळवायचे, मग भिंत धरायची, मग शिंकायचं, आणि शिंक एवढा वेळ थांबत नसते. एकदा धीर करून ती औषधाच्या दुकानात गेली आणि काउंटरवरच्या माणसाला हळूच म्हणाली, "अंगाचा त्रास आहे."

"दुखतं का?"

"ओढ बसते."

त्याने मलम दिलं. मलम चांगलं होतं. नवऱ्याने ते खांद्याला चोळलं आणि त्याला दोन दिवसांत गुण आला.

घरात कुणाला सांगावं तर सांगणार काय? जिला ताकद पाहून घरात आणलं तिची ताकदच गेली म्हणून? क्रेन मनातून घाबरली होती. आपल्यात उचलण्याखेरीज दुसरं काही आहे असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

मग ती गठ्ठ्यांना टाळू लागली. मशीन थांबायच्या बेताला आलं की हिला बाथरूमची आठवण. कधी इस्त्रीच्या रोलरपाशी उगाच रेंगाळायचं, कधी ट्रॉली ढकलायचं काम अंगावर घ्यायचं, कधी उपडी बादली पाहून तिच्यावर बसकण मारायची. लाँड्रीच्या नजरेतून काही सुटत नाही. "क्रेन बंद पडली," असं एकजण म्हणाला, तेव्हा नणंदेने त्याला तिथंच झापलं, "बाळंतपणातून उठलीय ती. तुझ्यासारखी चहावरून नाही उठली."

पण क्रेनच्या वाटणीचे गठ्ठे कुणाच्या तरी वाटेला जाणारच. ते नणंदेच्या वाटेला गेले. तिची कंबर धरली, मग तिचं तोंड सुटलं. एका दुपारी घड्या केलेल्या चादरींच्या थप्पीमागे क्रेन बसली होती आणि पलीकडे नणंद मुकादमाला सांगत होती, "वहिनी हल्ली अंग चोरते हो."

आळशी म्हणाली असती, कामचुकार म्हणाली असती, तरी चाललं असतं. जगात एवढे शब्द पडलेत, आणि या मुलीला नेमका हाच सापडावा! क्रेनला आधी हसू आलं. मग तिने एका उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून रडून घेतलं, आणि अभ्रा पुन्हा धुवायला टाकला. नियम म्हणजे नियम.

घरी दोघींचं बोलणं बंद झालं. म्हणजे मीठ दे, पंखा लाव, एवढंच उरलं. सासूबाईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

शेवटी व्हायचं ते कामावर झालं. हॉस्पिटलचा माल दुप्पट आला होता, तीन मशीन एकदम गरगरत होती, आणि मुकादम दाराशी उभा राहून लवकर करा, लवकर करा म्हणत होता. नणंदेने गठ्ठ्याला एका बाजूने हात घातला.

"उचल ना वहिनी! किती अंग चोरशील?"

"चोरायला ते जागेवर राहिलं पाहिजे," क्रेन म्हणाली.

"काय?"

"ते बाहेर येतंय!"

"कोण बाहेर येतंय?" नणंदेने दाराकडे पाहिलं. तिचं लग्न व्हायचं होतं, हा शब्द अजून तिच्या कानापर्यंत पोचला नव्हता. मशीनच्या आवाजात काही धड ऐकूही येत नव्हतं. क्रेनने श्वास घेतला आणि जीव खाऊन ओरडली, "माझं अंग बाहेर येतंय!"

ती श्वास घेत होती तेवढ्यात तिन्ही मशीन थांबली होती.

मुकादम दाराची कडी तपासू लागला. कडी चांगली होती. इस्त्रीवरच्या एका वयस्क बाईने नणंदेला बाजूला नेलं आणि कानात दोन वाक्यं सांगितली. नणंद परत आली, तिचा चेहरा उतरला होता. तिने तो गठ्ठा एकटीने छातीशी धरला, कशीबशी ड्रायरपर्यंत नेला आणि परत येऊन म्हणाली, "चपला घाल. डॉक्टरकडे जायचंय."

डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही, याचंच क्रेनला नवल वाटलं. गर्भाशयाला आतून धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेत, म्हणाल्या. लघवी रोखतो तसं आवळायचं, मोजायचं, सोडायचं, रोज. जड काही उचलायचं नाही. तोवर आधाराला आत एक रिंग बसवली. कमी पडलं तर ऑपरेशन आहेच, पण घाई नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगायची वेळ आली. "रिंग बसवलीय," क्रेन म्हणाली आणि खाली पाहत राहिली.

नवऱ्याने विचार केला. इंजिनातली रिंग म्हणजे काय हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. "मग आता लोड द्यायचा नाही," तो म्हणाला. "हळू चालवायची." आणि पाण्याचा हंडा स्वतः उचलून आत घेऊन गेला. तिला फार बरं वाटलं.

सासूबाई धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढ्यासाठी डॉक्टर कशाला? बाईच्या जातीला हे असायचंच. आत ढकलायचं आणि कामाला लागायचं."

नणंद दिवसभर स्वतःवर चिडलेली होती, तो राग आईवर निघाला. "तू गप्प बस गं आई!"

"गप्पच बसलेय," सासूबाई म्हणाल्या. "तू झालीस तेव्हापासून."

नवरा आतल्या खोलीत काहीतरी शोधत होता, तो तिथंच थांबला.  नणंद मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. क्रेनने पुढे होऊन सासूबाईंच्या मांडीवरचं सूप उचललं. तेवढं उचलायला परवानगी होती.

"आई, उद्या माझ्याबरोबर चला."

"आता या वयात काय राहिलंय माझं आत?"

"तेच दाखवायचंय."

सासूबाईंनी हात झटकले. लेकीचं रडं काही थांबेना. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा फिरवून पाहिला.

"रडतेस कशाला? तुझा काय दोष?" त्या म्हणाल्या. "डोकं मोठं होतं तुझं, एवढंच."