देवरावचं गणित आणि माझं डोकं

मास्तरकीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. कारंज्याच्या शाळेत मी गणित शिकवायचो, त्या काळातले माझे निम्मे किस्से एकट्या देवरावचे आहेत. आणि दर वेळी डोकं माझंच उठलं!

देवराव मानोऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिकच्या वर्गात. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर आयत काढून मी म्हटलं, "हे शेत, हे त्याचे चार सरळ बांध. क्षेत्रफळ काढ."

तो बराच वेळ बघत राहिला. "गुर्जी, असं सरळ धुऱ्याचं वावर कोनाचं हाय? मले तं एकबी नाई दिसलं."

वर्ग हसला. मी त्याला तासभर उभं ठेवलं. तो तासभर खिडकीतून कडुनिंबावरचे मुंगळे पाहत राहिला.

* * *

आमचे सायन्स मास्तर मात्र त्याच्यावर लट्टू. "हा पोरगा शास्त्रज्ञ होणार," हे शिक्षकांच्या खोलीत रोजचं.

"अहो, त्याला त्रैराशिक येत नाही."

"पण त्याला दिसतं."

"मलाही दिसतं. शंभरपैकी अकरा दिसतात."

* * *

चाचणीत भूमितीच्या पेपरात त्याने त्रिकोणाच्या जागी बोंडअळी काढली. मी संतापून पेपर सायन्स मास्तरांपुढे आपटला. त्यांनी चष्मा पुसला, अळीचे पाय मोजले आणि समासात लाल शाईने दहापैकी नऊ दिले. माझ्या पेपरात!

मीही इतका वैतागलेलो की विचारून बसलो, "एक का कापलात?"

"डोकं जरा मोठं झालंय."

* * *

मॅट्रिकचा फॉर्म शाळेतून जायचा, आणि गणितात कच्चा असलेल्याच्या फॉर्मवर माझी सही लागे. देवरावला नागपूरला शेतकी शिकायला जायचं होतं. मी सही अडवली, तसे त्याचे वडील आले.

"गुर्जी, सही केली तं तो नागपूरले जाईन. नाई केली तं माह्यासंगं वखर धरीन. मले दोनीबी चालते. पन त्याले नाई चालत."

ते गेल्यावर मला राग आला. कोणाचा, ते कळेना.

* * *

फॉर्म पाठवायच्या शेवटच्या दिवशी सायन्स मास्तर त्याला हाताला धरून घेऊन आले. उन्हाळ्यात त्याने एका वावरातल्या कपाशीच्या जुन्या पऱ्हाट्या उपटून जाळल्या होत्या. दूरच्या दुसऱ्या वावरात तशाच ठेवल्या होत्या. नव्या पिकात अळी कुठे किती लागली, ते त्याने मोजून आणलं होतं. वहीत दोनच आकडे. जाळलेल्या वावरात नऊ झाडं, दुसऱ्यात एकतीस.

आता सापडला, असं मला वाटलं. "नुसते आकडे काय कामाचे? एकूण झाडं किती? शेकडा प्रमाण कोण काढणार?"

देवरावने मान खाली घातली.

"शेकडा मले येत नाई, गुर्जी. म्हनून दोनी वावरांत शंभर-शंभरच झाडं पाह्यली."

सायन्स मास्तरांनी दौत माझ्यापुढे सरकवली.