पूजेचं ताट आणि विद्यापीठाचं बक्षीस

बाळांनो, तुमच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाचे फोटो पोहोचले. ते पाहून आमच्या कॉलेजातला एक समारंभ आठवला. त्या दिवशी बसलेला धक्का अजून पुरता ओसरलेला नाही, म्हणून घडलं तसं क्रमाने लिहिते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नाशिकच्या एका बी.एड. कॉलेजात इंग्रजी कसं शिकवावं हे शिकवत असे. त्या वर्षी विद्यापीठाचं नेतृत्व आणि सेवेबद्दलचं बक्षीस आमच्या एका विद्यार्थिनीला जाहीर झालं. मुलगी नाशिकरोडकडच्या वसाहतीतली, बौद्ध घरातली, वडील कारकून. सराव पाठांच्या शाळा गावभर विखुरलेल्या असत. कोणी कुठल्या शाळेत जायचं, कोणाच्या सायकलवर मागे कोण बसणार, तक्ते न भिजवता कसे न्यायचे, सगळं ती ठरवायची आणि बाकीचे मुकाट ऐकायचे. शिवाय संध्याकाळी वसाहतीतल्या मुलांचा वर्ग घ्यायची.

आमच्याकडे रीत अशी, की ज्याला बक्षीस मिळालं त्याच्या हातून आधी सरस्वतीपूजन करवायचं. तो मान समजत. समारंभाला थोडा वेळ उरला असताना प्राचार्यांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि हळदकुंकू, शेवंती, नारळ ठेवलेलं ताट कौतुकाने पुढे केलं. मी आणि आमच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका तिथेच होतो.

“सर, दिवा मी लावते,” ती म्हणाली. “पूजा नाही करणार. आमच्या घरात करत नाहीत.”

प्राचार्यांच्या हातातलं ताट तसंच राहिलं. पूजा न करणाऱ्या घरातलंही कोणी असू शकतं, हे इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

“अगं, मिनिटाचं काम,” ज्येष्ठ बाई म्हणाल्या. “दोन फुलं वाहायची. विद्येची देवता आहे, तिच्याशी कसलं वैर?”

“वैर नाही, बाई. तुम्ही पूजा करा, हात जोडून उभ्या राहणाऱ्यांना मी बसायला खुर्च्या देते.”

मला हसू आलं, पण ते ओठांवर येण्याआधीच बाई प्राचार्यांना म्हणाल्या, “मग दुसऱ्या नंबरच्या मुलीचं नाव कळवू या विद्यापीठाला. जी सांगितलेलं ऐकत नाही, तिचं कसलं नेतृत्व?”

या बाई रोज माझ्या डब्यातली भाजी खायच्या. वर्गात समतेवर बोलायच्या तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वही उघडायची. वर्षभर राबलेल्या मुलीचं बक्षीस त्यांनी, नको असलेली भाजी ताटाबाहेर काढावी तसं, एका वाक्यात बाजूला काढलं होतं.

“तसं करता येणार नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

प्राचार्यांनी शेवटी तिच्या वडिलांना आत बोलावलं. ते पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. “मुलीला जरा समजवा,” प्राचार्य म्हणाले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “साहेब, पुढारपणाचंच बक्षीस आहे ना हे? मग तिचं तिलाच ठरवू द्या,” ते म्हणाले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले.

पूजा प्राचार्यांनीच केली. दिवा तिने लावला. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

मग प्राचार्य माईकसमोर आले. मी कार्यक्रमपत्रिका नीट टाइप करून दिली होती, ती त्यांच्या हातात होती. त्यांनी वाचलं, “विद्यापीठाचं सेवेबद्दलचं बक्षीस.” गाळलेला ‘नेतृत्व’ हा शब्द ते मागाहून तरी जोडतील म्हणून मी वाट पाहिली. तो आलाच नाही. टाळ्या सुरू झाल्या. ज्येष्ठ बाई समोर बघत टाळ्या वाजवत होत्या. माझे हात मांडीवरून उठेनात. चुकून गळलं असेल म्हणून मी प्राचार्यांकडे पाहिलं, तर त्यांनी नजर वळवली.

ती शांतपणे वर गेली, पाहुण्यांच्या हातून प्रमाणपत्र घेतलं, खाली आली. समारंभ संपल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. तीच म्हणाली,

“बाई, यावर दोन्ही शब्द छापलेत का? मी अजून उघडून पाहिलं नाही.”

मी गुंडाळी उलगडली. “दोन्ही आहेत.”

“मग झालं,” ती म्हणाली. “आता वसाहतीत बाबा वाचून दाखवतील. त्यांचा आवाज माईकपेक्षा मोठा आहे.”