फिरती वही आणि पाचवं हस्ताक्षर

इथले अनुभव माझी नात मला वाचून दाखवते. मी सांगतोय आणि हे टाईपही तीच करतेय, त्यामुळे चुका दिसल्या तर तिच्या समजा.

मी विज्ञान शिकवायचो, मालवणच्या एका हायस्कुलात. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात एका पिंपळाखाली देवचार असतो म्हणून तिन्हीसांजेला कोणी फिरकत नसे, तिथे बसून मी पोरांचे पेपर तपासलेत. गार वारा असायचा, एवढाच काय तो अनुभव. तेव्हा पुढचं वाचताना हा म्हातारा पहिल्यापासूनच तसला असेल असं कृपा करून समजू नका.

गोष्ट साठ सालच्या आसपासची. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे रत्नागिरीचेच. मला फोटोचा नाद होता. मुंबईच्या मामांनी दिलेला एक साधा डब्बा कॅमेरा – रोलमध्ये फक्त आठ फोटो. घरातली सरपणाची खोली बंद करून, कंदिलाला लाल कागद लावून मी तिथेच फोटो धुवायचो. पण दाखवणार कोणाला? आईला दाखवला तर म्हणायची, "ह्या फोटोत माणूस खंय आसा?"

एका मासिकातल्या पत्रव्यवहारातून अजून तिघं सापडली. देवगडचे पारकर, घरच्या आंब्याच्या बागा सांभाळणारे. रेडीचे शिरोडकर, तिथे बंदरावर लोखंडाची माती जहाजात भरायचे, त्या कचेरीत कारकून. आणि सावंतवाडीचे बांदेकर, एका दवाखान्यात कंपाउंडर. चौघंही एकमेकांना कधी भेटलेलो नव्हतो. तरी आम्ही एक वही सुरू केली – जाड काळ्या पानांची. प्रत्येकाने आपला फोटो चिकटवायचा, बाकीच्यांनी खाली लावलेल्या पांढऱ्या पट्टीवर मत लिहायचं आणि वही रजिस्टर पोस्टाने पुढच्याला पाठवायची. मालवण, देवगड, रेडी, सावंतवाडी, परत मालवण. एक फेरी व्हायला महिना-सव्वा महिना लागायचा. एकमेकांना आम्ही गावाच्या नावाने हाक मारायचो. देवगडकर, रेडीकर, वाडीकर... आणि मी मालवणकर.

मतं अगदी परखड असत. "आकाश जळलं आहे." "म्हैस सुरेख, मालक नको होता." माझ्या एका सूर्यास्ताखाली रेडीकरांनी लिहिलं होतं – "असे आमच्याकडे रोज होतात." चार दिवस मला जेवण गोड लागलं नव्हतं!

तर एका फेरीनंतर वाडीकरांचं कार्ड आलं. इन्सुलीच्या रस्त्यावर वडाखाली बसलेली काजूवाली म्हातारी, असा त्यांचा फोटो होता. वही फिरून परत त्यांच्याकडे गेली, तेव्हा आमच्या तिघांच्या मतांखाली शिसपेन्सिलीने आणखी एक ओळ होती. "कॅमेरा दोन हात डावीकडे घेतला असता तर वासरूही आलं असतं." खाली सही नव्हती. वाडीकरांनी कार्डात विचारलं होतं – हे तुम्ही लिहिलंत का? कारण वासरू खरंच होतं! झाडाला बांधलेलं, फोटोच्या चौकटीबाहेर. आणि हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी लिहिलं नव्हतं. बाकीच्या दोघांनीही कानावर हात ठेवले. मला वाटलं, आपल्यातलाच कोणीतरी गंमत करतोय. अंदाजाने लिहिलं असेल आणि लागला नेम. विषय तिथेच संपला...

आता माझ्या घरचं थोडं सांगावं लागेल. माझा धाकटा भाऊ वसंत, आमचा वासू. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात मीच मोठा. वासू मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा मी त्याला अंगणात, शेजाऱ्यांसमोर म्हटलं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." मास्तराचा भाऊ नापास, ही लाज मला जास्त होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वासू घरात नव्हता.

या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. मुंबईला गेला असणार म्हणून मामांनी गिरणगावातल्या आमच्या गाववाल्यांच्या सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. पत्ता नाही. आई मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त मुंबईहून कोणी आलं की आपली त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. वहीतल्या मंडळींना मी यातलं काहीही कळवलं नव्हतं. मला भाऊ आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. लिहिणार तरी काय?

मे महिन्याचे शेवटचे दिवस. शाळेला सुट्टी होती. दुपारी पोस्टमनने वही आणून दिली. लाखेचं सील मी स्वतः फोडलं. देवगडकरांचा नवा फोटो होता – बंदराच्या धक्क्यावर आंब्याच्या पेट्या घेऊन रांगेत उभे असलेले गडी. खाली रेडीकरांचं मत, "पेट्यांवर ऊन छान." त्याखाली वाडीकर, "शेवटचा गडी पाठमोरा आहे, त्याने रांग मोडते. तेवढा कापून टाका."

आणि त्याखाली तीच शिसपेन्सिल. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

"शेवटच्या माणसाला कापू नका. मालवणकरांनी भिंग घेऊन पाहावं."

मी भिंग घेतलं. खरं सांगतो, जरा वैतागूनच घेतलं. पाठमोरा माणूस, डोक्याला पंचा, पेटी पायाशी ठेवलेली. चेहरा दिसतच नव्हता. पण तो एका पायावर उभा होता. डावा तळवा उजव्या पोटरीला टेकवलेला, बगळ्यासारखा. वासू लहानपणापासून असाच उभा राहायचा. प्रार्थनेच्या वेळी त्यावरून मी त्याला किती छड्या मारल्या असतील...

मी वही मिटून पिशवीत घातली.

आईला काही बोललो नाही. नसलाच तो, तर? दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली, मध्ये होडीने खाडी ओलांडली, पुन्हा एसटी. दुपारी पारकरांच्या दारात उभा राहिलो. ज्या माणसाची मतं दोन वर्षं वाचत होतो तो पहिल्यांदा समोर आला, आणि मी नमस्कारही न करता वही उघडून विचारलं, "हा कोण?"

"शेवटचो? तो वसंता. पेटये भरूक आसता आमच्याकडे," पारकर म्हणाले. "कामाक बरो, पण बोलना नाय कोणाशी. परवाच्या बोटीन मुंबयक जातलो, थयसून खंयच्या तरी जहाजार. ही पावसाआधीची शेवटचीच बोट. कित्याक वो मास्तर? काय झाला?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

शेडमध्ये पेंढ्याचा आणि पिकल्या आंब्यांचा वास कोंडला होता. वासू पेटीला खिळे मारत होता, पाठ आमच्याकडे. मी हाक मारली, "वासू..."

हातोडी थांबली. तो वळला मात्र नाही.

"दादा, तू म्हणालेलंस तोंड दाखव नको म्हणान," तो तसाच म्हणाला.

"चुकलंय रे," मी म्हटलं. आयुष्यात हा शब्द मी त्याच्यापाशी पहिल्यांदाच उच्चारला. "माझा चुकला. घराक चल."

"आये?"

"आये वाट बघता. रोज."

तेव्हा तो वळला. दाढी वाढलेली, गालफडं वर आलेली, पण डोळे तेच. पारकर मागच्या मागे बाहेर निघून गेले. पुढचं काही मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मालवणात पोचलो तेव्हा आई पडवीत तांदूळ निवडत होती. वासू समोर उभा राहिला. ती उठली नाही, रडली नाही, काही नाही. त्याच्या पावलावर हात ठेवला आणि म्हणाली, "जेवलंस?"

गणपती झाल्यावर आईने हट्टच धरला, त्या तिघांना जेवायला बोलव. तेव्हा आम्ही चौघं पहिल्यांदा एकत्र बसलो. साहजिकच आधी वही उघडली. मी प्रत्येकाच्या हातात पेन्सिल दिली आणि ती दोन वाक्यं लिहायला लावली, मी स्वतःही लिहिली. एकाचंही अक्षर जुळेना. वाडीकर अगदी कळवळून म्हणाले, "मास्तर, मी तर कापून टाका म्हणून लिहिलं होतं! त्यानंतर मीच सील केलं. तेव्हा ती ओळ तिथे नव्हती, पोरीची शपथ." सील मला अखंड मिळालं होतं. आणि समजा वाटेत कोणी उघडलंच असेल, तरी तो वासूला कुठून ओळखणार? आणि त्या वासराचं काय?

तेवढ्यात आईने पानं मांडली. केळीची पाच. वासू वाढत होता.

"आये, आमी चार जणां आसव," मी म्हटलं.

"लिवणाऱ्याक नको काय जेवक?" ती म्हणाली.

भात वाढला, त्यावर सोलकढी आली. पाचव्या पानावरही सगळं वाढलं. आम्ही चौघं शिकलेसवरले लोक, पण आमची नजर दाराकडे लागली होती. थोडा वेळ थांबून आईने वासूच्या हातातली पळी काढून घेतली आणि त्याला त्या पानावर बसवलं. "तेच्या नावान तू जेव," म्हणाली.

वही पुढे सहा-सात वर्षं फिरली. ते अक्षर मात्र पुन्हा कधी उमटलं नाही. शिसपेन्सिलीची ओळ पुसट झालीय, तरी अजून वाचता येते. मी पोरांना आयुष्यभर शिकवलं की प्रत्येक गोष्टीला कारण असतं. या गोष्टीचं कारण मला साठ वर्षांत सापडलेलं नाही. इथे कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, नात वाचून दाखवेल.

वासूला विचाराल तर तो आजही एवढंच म्हणतो – "दादा, कोण तो शोधून काय करतलंस? कोणीतरी माका बघल्यान. माका तितक्या पुरे."