बाल्कनीत टांगलेली डबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुधीरला, माझ्या नवऱ्याला, तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

आमचं घर दिल्लीजवळ फरीदाबादला, अगदी अरवलीच्या कुशीत. सासरे गेल्यावर सुधीरने आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, साताऱ्याहून इकडे आणलं. त्यांना तळघरातली खोली दिली. उन्हाळ्यात गार असते, असं सगळ्यांना सांगायचो. खरं तर वरची खोली मला हवी होती. आत जाऊन दार लावून घेता येईल, अशी एक जागा. आई वाईट होत्या का? मुळीच नाही. नुसत्या सूचना करायच्या — आमटीत गूळ कमी, झाकण तिरकं. मी कंटाळले होते.

एका वर्षी दिवाळीनंतर जवळच्या कॉलेजातली एक मुलगी आली. इथल्या जमिनीतून, दगडातून रेडॉन नावाचा वायू वर येतो, म्हणाली. ना रंग, ना वास. बंद तळघरात साठतो, आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तो मोजायला तिने आईंच्या खोलीत खिळ्याला एक छोटी प्लास्टिकची डबी टांगली. "आंटी, तीन महीने इसे हिलाना मत, प्लीज." आणि माझ्या हातात एक पत्रक ठेवलं.

प्रमाण जास्त निघालं तर खिडक्या उघड्या ठेवा, असं त्यात होतं. आणि तिथे झोपणाऱ्या माणसाला वरच्या मजल्यावर हलवा. वरच्या मजल्यावर — म्हणजे कुठे, ते मला लगेच कळलं.

मग मी — थांबा, सरळच सांगते. दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेल्या, तेव्हा मी ती डबी काढली आणि वर बाल्कनीत टांगली. मोकळ्या हवेत. आईंनी विचारलं, तर म्हटलं, बदलायला नेलीय. मुलगी परत येणार त्याच्या आदल्या दिवशी डबी पुन्हा खाली त्याच खिळ्याला.

रिपोर्ट उत्तम आला. येणारच होता. आई खूश — "बघ, माझीच खोली झकास!"

हिवाळ्यात इथे धुरामुळे कुणी खिडक्या उघडत नाही. मी तर आईंच्या खिडकीच्या फटींना टेप लावली, एअर प्युरिफायर आणला. त्याने हा वायू जात नाही, हेही पत्रकात वाचलं होतं. नातेवाईक म्हणायचे, सासूला तळहातावरच्या फोडासारखं जपते. वरून कीर्तन, आतून तमाशा — दुसरं काय? आणि मी ते कौतुक ऐकून घ्यायचे. आवडायचंही मला.

सहा वर्षं त्या तिथे झोपल्या. मग खोकला सुरू झाला, मग तपासण्या. फुफ्फुसाचा कॅन्सर. आयुष्यात कधी तपकीरसुद्धा ओढली नव्हती त्यांनी. पाच महिन्यांत गेल्या.

त्या वायूनेच झालं का? मला माहीत नाही. आता कुणालाच सांगता येणार नाही. पण हे माहीत नसणं माझ्याच हातचं आहे — खरी मोजणी मीच होऊ दिली नाही.

सुधीर म्हणतो, दिल्लीच्या हवेने आईला नेलं. मी तिला इथे आणायलाच नको होतं, मीच मारलं तिला, असं म्हणून तो अजून रडतो. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवते. आणि म्हणते — हो रे, हवाच वाईट इथली.