बायकांच्या खेळाची दारवाली

थिएटरातली नोकरी तिला मिळाली ती एका मारामारीमुळे.

नव्या सिनेमाचा पहिला दिवस होता आणि तिकिटांच्या रांगेत दोघांची जुंपली होती. एकाने कमरेचा पट्टा काढला. दुसऱ्याने बाटली भिंतीवर फोडून तिचा गळा हातात धरला. बघे मागे सरले. रस्त्यापलीकडे पोलीस चहा पीत होता, तो चहाच पीत राहिला. बायकांच्या रांगेतल्या एका दांडग्या बाईने कडेवरची मुलगी शेजारणीच्या हातात दिली आणि ती पुढे झाली. बाटलीवाल्याचं मनगट तिने पिरगाळलं, पट्टेवाल्याची मानगूट धरली आणि दोघांची डोकी एकमेकांवर अशी आदळली की आवाज बाल्कनीच्या जिन्यापर्यंत गेला. दोघेही फुटपाथवर बसले. ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली आणि तिने मुलीला परत घेतलं.

मॅनेजर हे खिडकीतून पाहत होता. खाली येऊन म्हणाला, "बाई, काम कराल का?"

"कसलं?"

"हेच."

त्या दिवसापासून ती बायकांच्या खेळाची दारवाली झाली. तिला सगळे कडीमावशी म्हणायचे. एकदा तिने दाराला कडी घातली की मंत्र्याचा मेहुणा आला तरी ती निघत नसे.

मारामारीची तिला भीती नव्हती, कारण घरी भरपूर मार खाऊन झाला होता. नवरा ट्रक चालवायचा. फेरीवरून आला की आंघोळीच्या आधी हात मोकळा करायचा. आधी ती रडायची, मग ओरडायची, मग नुसती भांडी आवरून ठेवायला लागली, फुटू नयेत म्हणून. एकदा त्याने कानाखाली अशी ठेवून दिली की डाव्या कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. एवढी धिप्पाड बाई उलट का मारत नाही, असं शेजारणी आपसात बोलायच्या. तिलाही ते कळत नव्हतं. परक्या पुरुषावर उठणारा तिचा हात त्याच्यासमोर लाकडासारखा होऊन जायचा. शेवटी ज्या दिवशी त्याने मुलीला भिंतीवर भिरकावलं, त्या दिवशी तिने मुलीला उचललं, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच घर सोडलं. तो त्याच गावात राहिला, तीही. रस्त्यात दिसला की ती बाजू बदलायची.

थिएटरात राहून तिने एकही सिनेमा धड पाहिला नाही. तिचं काम पडद्याकडे पाठ करून उभं राहण्याचं. ती लोकांची तोंडं पाहायची. कुठे हसतात, कुठे डोळ्यांना पदर लावतात, कुठल्या रांगेत कोण कोणाच्या केसांना झोंबणार आहे, हे तिला आधीच कळायचं. दुपारचा खेळ फक्त बायकांचा असायचा. शिवणकारखान्यातल्या मुली, हॉस्पिटलच्या आया, लेकी-सुनांना घेऊन आलेल्या म्हाताऱ्या. आत आल्या की त्या पायातल्या चपला काढून पाय समोरच्या खुर्चीवर टाकायच्या आणि घरी कधी बोलत नसतील एवढ्या मोठ्याने बोलायच्या.

मग बऱ्याच वर्षांनी तो सिनेमा आला. गोष्ट साधीच होती. एक शिंपीण, तिचा मारकुटा नवरा आणि एक खोली. बाहेरच्या देशांत त्याचं फार नाव झालं होतं. इथे सेन्सॉर बोर्डाने त्याला महिनोन् महिने अडकवून ठेवलं आणि कात्री लावून सोडलं. रिळं आली तेव्हा ऑपरेटर ती उलटसुलट करून म्हणाला, "शेवटचं रीळ अगदीच बारीक झालंय. आजारातून उठल्यासारखं."

कडीमावशीची धाकटी बहीण परदेशात एका म्हातारीची देखभाल करायची. रविवारी सकाळी ती मॅनेजरच्या ऑफिसात फोन करायची. त्या रविवारी तिने सिनेमाचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "अगं, मी पाहिला तो. पूर्ण."

"पूर्ण म्हणजे?"

"इथे कापत नाहीत. दारावर वय विचारतात, बस. आणि लोक कसले गं, शिट्टी नाही, टाळी नाही. शाळेत बसल्यासारखे बसतात. आधी मी ज्या देशात होते ना, तिथे तर दिवे पूर्ण घालवतच नसत. कोणी कोणाचा हात धरू नये म्हणून अर्धा उजेड ठेवायचे. इथे मिट्ट काळोख. शेवटी शेजारच्या गोऱ्या बाईने माझा हात धरला. मला ओळखत नाही, भाषा येत नाही, आणि हाताला नखं रुततील इतका घट्ट धरला."

"का?"

मग बहिणीने तिला कापलेला भाग सांगितला. कडीमावशीने रिसिव्हर उजव्या कानावर दाबून धरला होता. ऐकून झाल्यावर तिने रिसिव्हर खाली ठेवला. मॅनेजरने विचारलं, "वाईट बातमी?" ती म्हणाली, "नाही."

पहिल्या दुपारी थिएटर तुडुंब भरलं. बोर्डाने मार कापला नव्हता. पट्ट्याचा मार होता, लाथांचा होता, केस धरून खोलीभर फरपटवण्याचा होता, आणि तो लांबच लांब होता. कडीमावशी पाठ करून उभी होती, पण पट्टा कातड्यावर बसल्याचा आवाज तिच्या मेलेल्या कानातही शिरत होता. समोर रांगाच्या रांगा बायका अंग चोरून बसल्या होत्या. आणि एकदम पडद्यावर पांढऱ्या चादरीखाली नवऱ्याचं प्रेत आलं.

कोणाला काही कळेना. "अगं, मेला कसा?" पुढच्या रांगेतून कोणी विचारलं.

"दमून," दुसरी म्हणाली. "मारून मारून दमला असेल बिचारा."

हशा पिकला, पण त्या हसण्यात राग होता. त्या अंधारात कडीमावशीच्या तोंडून निघून गेलं, "इस्त्रीनं."

"कोण बोललं?"

"मी. दारवाली. इस्त्रीनं मारला त्याला. तापलेल्या. कापलंय ते."

"मग सांग ना."

तिने सांगितलं. तो खुर्चीत बसून पट्टा पुन्हा कमरेला लावतोय, शिंपीण जमिनीवरून उठते, कपड्यांच्या ढिगावरची इस्त्री उचलते, आधी हातावर मारते, पट्ट्याच्या हातावर, मग तोंडावर. तो म्हणतो, थांब. ती थांबत नाही. कडीमावशीला सांगण्याची कला नव्हती. ती भांडी मोजून दिल्यासारखं एकेक सांगत गेली. पडद्यावर लोक रडत होते, पण तिकडे कोणी पाहत नव्हतं. तिचं सांगून झालं. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं."

त्यानंतर रोज दुपारी हाऊसफुल्ल. प्रेत पडद्यावर आलं की बायका मागे वळून म्हणायच्या, "मावशी, सांग." आणि ती सांगायची. काही बायका आठवड्यात दोनदा येऊ लागल्या.

मॅनेजरने तिला बोलावलं. "बोर्डाच्या ऑफिसातून फोन होता. कापलेलं दाखवणं गुन्हा आहे."

"मी कुठे दाखवते?"

"सांगणंसुद्धा."

"सांगण्यावर कुठला शिक्का मारतात, साहेब?"

मॅनेजरने बाहेरच्या रांगेकडे पाहिलं आणि कानावर हात ठेवले.

पण गावाच्या कानावर कोण हात ठेवणार? गोष्ट ट्रक अड्ड्यावर पोचली. तिथे लोक तिच्या नवऱ्याची गंमत करू लागले. "काय रे, आज दुपारी परत मेलास म्हणे." "तोंड बघू, भाजलंय का?" कोणीतरी त्याच्या ट्रकच्या सीटवर जुनी इस्त्री आणून ठेवली. पहिल्यांदा तो हसला. नंतर ज्याने ठेवली त्याचे दोन दात पाडले. पण हसणारे अड्डाभर होते, सगळ्यांचे दात कोण पाडणार? आणि गावात असेही लोक होते ज्यांना हा सिनेमा आपल्या घरात घुसल्यासारखा वाटत होता. आपल्या बायका दुपारी जातात कुठे आणि येताना अशा गप्प का येतात, हे त्यांना खुपत होतं. त्यांना पुढारी हवा होता. नवरा आयताच सापडला.

ते भर दुपारी आले, सळ्या आणि दांडके घेऊन. आधी जाहिरातीच्या काचा फोडल्या. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने हात आडवा घातला, तर त्याच्या डोक्यात सळी बसली. तो खुर्चीतच कलंडला. मॅनेजर जीव मुठीत धरून जिन्याने वर पळाला आणि त्याने पोलिसांना फोन लावला. पोलीस म्हणाले, येतो.

कडीमावशीने काचांचा आवाज ऐकला आणि दार लोटून कडी घातली. आत पडद्यावर मार चालू होता. तिने दाराला खांदा लावला. बाहेरून धडक बसली. दुसऱ्या धडकेला कडीचा एक स्क्रू उडाला. फट पडली आणि फटीतून हात आत आला. तो हात ती ओळखत होती. अंगठ्याजवळचा डाग, वाकडी करंगळी. इतकी वर्षं तो हात पाहिला की तिचा हात लाकूड व्हायचा. त्या दिवशी झाला नाही. तिने सगळं अंग मागे घेतलं आणि दारावर झोकून दिलं. बोटं मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. बाहेर तो गुरासारखा ओरडला.

कडी तरीही तुटलीच. दार उघडलं तसा तो तिच्यावर कोसळला. डाव्या हातात सळी होती. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. डोळ्यांत रक्त उतरलं. मग सळी टाकून त्याने तिचे केस धरले आणि रांगांच्या मधल्या वाटेने पडद्याच्या दिशेने फरपटत नेलं. "सांग," तो ओरडत होता, "सांग सगळ्यांना, मी कसा मेलो." पडद्याच्या उजेडात बायकांना दोन माणसं दिसत होती. एक वर पडद्यावर, एक खाली वाटेत. वरचा मारत होता, खालचाही मारत होता.

पहिली चप्पल कुठून आली, ते कोणालाच कळलं नाही. मग छत्री, मग डबा. मग शिवणकारखान्याच्या मुली खुर्च्यांवरून उड्या टाकत आल्या. त्याच्याबरोबरच्या पुरुषांनी दारातून हे पाहिलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. ते जसे आले तसेच पळाले. तो एकटा सापडला. बायकांनी त्याला खाली पाडलं. ज्यांनी उभ्या आयुष्यात झुरळही मारलं नव्हतं, त्या टाचांनी मारत होत्या. कोणी रडत मारत होती, कोणी शिव्या देत, आणि ज्या शिव्या देत होत्या त्या सगळ्या त्याला नव्हत्या. वेगवेगळ्या पुरुषांची नावं ऐकू येत होती. कोणाच्या छत्रीची दांडी त्याच्या डोळ्यात गेली.

कडीमावशी उठून बसली होती. भांडणं सोडवणं हे तिचं काम. ती पाहत राहिली. तो म्हणाला, "थांबा." मग त्याचा आवाज बंद झाला. तेव्हा ती उठली. एकेकीचा दंड धरून तिने बाजूला केलं आणि ती त्याच्यावर पाय फाकून उभी राहिली. "बस," ती म्हणाली. "माझ्या थिएटरात कोणी मरायचं नाही."

तो मेला नाही. एक डोळा गेला, तीन बोटं वाकडीच राहिली. तिकिटाच्या खिडकीतला माणूस शुद्धीवर आला, पण पुढे कायम त्याची जीभ अडखळायची.

बोर्डाने सिनेमावर पूर्ण बंदी घातली. असल्या सिनेमामुळे बायका हिंसक होतात हे सिद्ध झालं, असं अध्यक्षांनी सांगितलं. शेजारच्या थिएटरात त्याच आठवड्यात हिरो माणसं कापत होता, तो कापतच राहिला.

कोर्टात बायकांच्या साक्षी झाल्या. एकीनेही काही पाहिलं नव्हतं. न्यायाधीश चिडले. "एवढ्या बायका होत्या आणि कोणालाच काही दिसलं नाही?"

"साहेब," एक म्हातारी म्हणाली, "सिनेमा अंधारातच बघतात."

कडीमावशीला मात्र खोटं जमलं नाही. "बोटं मी मोडली," ती म्हणाली. "दार सांभाळणं माझं काम होतं." डोळ्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, "तो मी नाही फोडला." कोणी फोडला हे तिने सांगितलं नाही. तिला तुरुंग झाला. फार मोठा नव्हे, पण झाला.

तुरुंगात मुलगी भेटायला आली नाही. ती आता मोठी होती, औषधांच्या दुकानात काम करत होती. बहिणीच्या पत्रातून कडीमावशीला कळलं की ती हॉस्पिटलात बापाकडे जाते, त्याला भरवते, जखम धुते. ज्याने लहानपणी भिंतीवर आपटलं त्याची जखम. कडीमावशीने पत्राची घडी केली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

सुटकेच्या दिवशी मात्र मुलगी दाराबाहेर उभी होती. दोघी चालत बस थांब्यापर्यंत आल्या. बाकावर बसल्यावर मुलगी म्हणाली, "मला एक सांग. तू त्या बायकांना आधी थांबवू शकत होतीस?"

"हो."

"मग?"

"थांबवावंसं वाटलं नाही. नंतर वाटलं."

मुलगी उठून बस येतेय का ते बघून आली. मग म्हणाली, "बाबा म्हणतात, तुझ्या आईने वाचवलं. सगळ्यांना सांगतात."

"त्याला काय सांगायचं ते सांगू दे."

"आणि मी त्यांच्याकडे जाणं सोडणार नाही."

"सोड म्हटलं का मी?"

बस आली. मुलीने आईची पिशवी उचलली आणि पुढच्या दाराने चढली. मागे वळून तिने हात दिला. कडीमावशीने तो धरला आणि ती वर चढली. आत गर्दी होती. एकीने सरकून जागा केली. दोघी मायलेकी त्या एका जागेत दाटीवाटीने बसल्या आणि पिशवी कोणाच्या मांडीवर ठेवायची यावरून त्यांची थोडी बाचाबाची झाली.