पाण्याची घंटा

मानोरा गावाजवळच्या आमच्या शाळेत दिवसातून तीनदा पाण्याची घंटा होते. ती वाजली की सगळ्यांनी जागेवरच बाटलीतलं पाणी प्यायचं. मार्चात ऊन तापलं, तेव्हा सातवीच्या फळ्यावर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: साधं पाणी, ताक, लिंबाचं सरबत. रंगीत कोल्ड्रिंकच्या बाटल्या बंद.

मुलं घटाघटा प्यायची. मुली मात्र नुसते ओठ ओले करून झाकण लावायच्या. एक तर दुपारी चक्कर येऊन पडली. घरून भरून आणलेली तिची बाटली तशीच्या तशी होती. माझं डोकंच फिरलं. रोज घसा फोडून सांगते, ते काय भिंतींना? "पाणी प्यायला काय जड जातं गं तुम्हाला?" मी भर वर्गात ओरडले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, पानी पेलं का मंग जा लागते. आमी कुठी जाव? संडासले त कुलूप राह्यते."

खरंच होतं. तपासणीला कोणी आलं तर स्वच्छ दिसावं, म्हणून मुलींचं संडास बंदच असायचं. मुलांना शाळेमागचं रान मोकळं होतं. मुली कुठे जात असतील, हे आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं. हेडमास्तरांना चांगलं सुनावायचं म्हणून मी तणतणत दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. त्या कुलपाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. सकाळीच ते कुलूप उघडून मी स्वतः आत जाऊन आले होते.