बिनखांबाचं छप्पर

आमच्या घरात छप्पर या विषयावर बोलायचा हक्क फक्त यांना. पेणला यांचा मंडपाचा धंदा. लग्न असो, बारसं असो की कबड्डीचे सामने, नागोठण्यापर्यंत हेच बांबू घेऊन हजर. पहिला खांब पुरताना त्याला हळदकुंकू लावणार, नारळ फोडणार आणि मला ऐकवणार, "मधला खांब भक्कम हाय ना गो, मग बाकीची काळजी नाय." लग्न झाल्यापासून ऐकतेय.

आमची मुलगी रोह्याच्या कॉलेजातून कबड्डी खेळते. आमच्याकडच्या सामन्यांना मंडप यांचाच, त्यामुळे हे खांबाला टेकून उभे. चढाईला जाण्याआधी ती एकदा खांबाकडे बघणार, हे मान हलवणार, मगच तिचं पाऊल उचलणार. माझ्याकडे कधी बघितलं नाही. डबा भरायला मात्र मी. असो.

गेल्या हिवाळ्यात राज्याच्या संघाची निवड होती, मुंबईत, घुमटाच्या स्टेडियममध्ये. तिच्या वयोगटातली ही शेवटची संधी. आम्ही दोघंही गेलो. आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबले, हे मागून येऊन आदळले. आमचं अख्खं गाव, देवळाच्या कळसासकट, त्या छपराखाली मावलं असतं. आत उडणारी कबुतरं वर जाता जाता ठिपक्याएवढी होत होती. मला एकदम देवळात आल्यासारखं वाटलं, चपला काढाव्यात की काय असं. हे मात्र खांब शोधत होते.

पालकांना वर गॅलरीत बसवलं. जिन्याशी एक म्हातारा वॉचमन होता, त्याला यांनी विचारलंच. "मधला खांब कुठाय?"

मला वाटलं, आता हसतो. पण नाही हसला. "होता," म्हणाला. "मी इथं बिगारी म्हणून लागलो तेव्हा नुसतं मैदान होतं, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आधी गोल भिंत उठवली. मग मधोमध लोखंडी मनोरा उभा केला आणि त्याच्या आधारानं चारी बाजूंनी कमानी नेऊन वर जोडल्या. सगळ्या भिडल्या, तेव्हा मनोरा काढून घेतला."

"काढला?" यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हळूहळू. आम्ही सगळे बाहेर उभे. छप्पर करकरलं, दोन बोटं खाली बसलं आणि स्थिरावलं. मग इथं कुस्त्या झाल्या, पुरात माणसं राहिली, लग्नं लागली. ते जागचं हललं नाही."

"लग्नंसुद्धा," हे पुटपुटले. धंद्याचं दुःख वेगळंच असतं.

माझ्या अंगावर काटा आला होता. एवढं वजन आणि खाली नुसती हवा. चिखलात राबणाऱ्या माणसांनी हे उभं केलं, म्हणजे कमालच आहे.

तेवढ्यात सामना सुरू झाला. मुलगी चढाईला निघाली आणि थबकून वर बघू लागली. एवढ्या डोक्यांत तिला हे कुठले दिसायला? हे दोन्ही हात हलवत होते. ती तशीच गेली आणि पकडली गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच. मॅटशेजारी निवड करणारे काहीतरी लिहीत होते.

हे उठले. "मी खाली जातो. रेषेजवळ नुसता उभा राहतो." चार पायऱ्या उतरले, थांबले, वर छपराकडे बघत राहिले आणि परत येऊन बसले.

मला असा संताप आला! "अहो, बसलात काय? जा ना."

"नको," हे म्हणाले. "टेकू निघालाय. बसू दे तिला तिची तिची."

तिसऱ्या खेपेला तिने वर बघितलंच नाही. वाकली, मॅटला हात लावून कपाळाला टेकवला आणि गेली. तिघींना शिवून मध्यरेषेवर पालथी पडली. यांनी माझ्यासमोर दोन बोटं धरली.

संध्याकाळी निवडलेल्यांत तिचं नाव पुकारलं. सगळे उठून टाळ्या वाजवत होते. हे माझ्या खांद्याला टेकून बसले होते, सगळा भार टाकून. मी हलले नाही.